कारखान्याच्या हंगामी चाळीत वायफाय आणताना

साखर कारखान्यात कायम आणि हंगामी असे दोन प्रकारचे कामगार असतात. कायम कामगार बारा महिने पगारावर आणि बायकामुलांसह कॉलनीत. हंगामी कामगार बॉयलर पेटायच्या आधी थोडे दिवस वळकटी घेऊन येतो, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की गावी परततो आणि उरलेलं वर्ष रिटेन्शन (बिगरहंगामात मिळणारा भत्ता), शेती आणि मिळेल त्या कामावर काढतो. मी लॅबला हंगामी केमिस्ट आहे. घर परांडा तालुक्यात, कारखाना सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या पट्ट्यात. राहायला हंगामी चाळ. समोरासमोर दोन ओळी, वर पत्रा, एका खोलीत तिघं-चौघं, आणि टोकाला कुटुंब घेऊन आलेल्यांच्या खोल्या. २०२५-२६ च्या हंगामात या चाळीत आम्ही इंटरनेट आणलं. राज्यात दरवर्षी दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात आणि अनेकांच्या आवारात अशी चाळ आहे. तिथल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी गरजेबद्दल, कारण पहिला प्रश्न सगळीकडे हाच आला. "चार महिन्यांसाठी नेट कशाला? मोबाइल आहे की प्रत्येकाकडे." आमच्या ओळीत बॉयलरवर फायरमनचा मदतनीस असलेला एक तरुण आहे. तो सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची तयारी करतोय. ते सर्टिफिकेट हातात आलं तर त्याची हंगामी मजुरी संपून पक्की नोकरी लागू शकते. जुने पेपर, बॉयलरच्या माउंटिंगवरचे व्हिडिओ, सगळं त्याला मोबाइलवरच पाहावं लागतं. साखर शिजवायच्या पॅनवरच्या मामांना पीएफच्या दाव्यासाठी पोर्टलवर जायचं होतं. माझी मुलगी सातवीत आहे, रात्री तिचं गणित मी व्हिडिओ कॉलवर घेतो. चार महिने बाप घरात नाही, तेवढं एक तरी चालू राहावं असं मला वाटतं.

आणि या हंगामात सगळ्यांच्या डोक्यावर होती लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी लागत होती. बाई गावाकडे पोर्टल उघडून बसलेली, नवरा इथे चाळीत, आणि त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मुदतीत तिकडे पोचवायचा. खोलीत फोन लागत नाही म्हणून माणसं पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून उभी राहायची. पोर्टलही अडकत अडकत चालायचं. मुदत पुढं ढकलून ३१ डिसेंबरपर्यंत नेली होती, तरी घरोघरी घोर लागला होता. दीड हजार रुपये महिना ही चाळीतल्या घरांसाठी लहान रक्कम नाही.

मोबाइलचं नेट का चालत नाही हे आधी नीट समजून घ्यायचं मी ठरवलं. लॅबमध्ये ब्रिक्स आणि पोल, म्हणजे रसातले विरघळलेले घटक आणि साखर, मोजायची सवय आहे, त्यामुळे अंदाजावर बोलायला आवडत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उणे असतो. ८०-८५ च्या आसपास असेल तर उत्तम, ११० च्या पुढं गेला तर नेट नावालाच. आमच्या खोलीत उणे ११५, व्हरांड्यात उणे १०५, टाकीच्या जिन्यावर उणे ९२. खोलीत शिरतानाच इतकी घट होण्याचं कारण डोक्यावरचा पत्रा. धातूचा पत्रा रेडिओलहरी परतवतो, आत येतं ते मुख्यतः दाराखिडकीतून. त्यातही ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून थोडाफार शिरतो. २३०० मेगाहर्ट्झवर जास्त डेटा वाहतो, पण तो भिंतीपाशीच दमतो.

एवढंच असतं तर व्हरांड्यात बसून भागलं असतं. पण टाकीच्या जिन्यावर, जिथं सिग्नल चांगला, तिथंही रात्री नऊला व्हिडिओ कॉल गोठायचा. रात्रपाळीत पहाटे तीनला तिथंच उभं राहून पाहिलं तर तोच फोन, तेच सिम, आणि नेट झकास. म्हणजे दुखणी दोन होती. खोलीत सिग्नल नाही हे एक, आणि संध्याकाळी टॉवरवर गर्दी हे दुसरं. गाळप सुरू झालं की कारखान्याभोवतीची वस्ती एकदम फुगते. हंगामी कामगार, गाडीतळावर नंबरची वाट बघत थांबलेले ट्रॅक्टर-ट्रकचे ड्रायव्हर, ऊसतोडीच्या टोळ्या, हॉटेलं, पंक्चरवाले. टॉवर मात्र उरलेल्या आठ महिन्यांच्या वस्तीला पुरेल एवढाच. जत्रेला गावच्या आडावर जशी घागरींची रांग लागते तसं संध्याकाळी त्या टॉवरचं होतं. भारी रिचार्ज मारून त्यावर उपाय होत नाही. हे कळल्यावर तीन-तीन सिम घेऊन फिरणाऱ्या दोघा-तिघांना मी ते समजावलं आणि त्यांचा तो खर्च थांबला.

मग फायबर. कायम कामगारांच्या कॉलनीत स्थानिक केबलवाल्याचं फायबर आधीच आलेलं आहे. तिथून आमची चाळ समोर दिसते, मधे उसाच्या गाड्या रिकाम्या होतात ते ऊस यार्ड. त्याच्याकडे गेलो तर माणूस सरळ होता, पण त्याचे प्रश्न एकामागून एक. पत्त्याचा पुरावा काय? आधारवर गावचा पत्ता. चाळीचं वीजबिल कामगाराच्या नावानं येत नाही, कारण वीज कारखान्याची. टाइम ऑफिसनं दिलेलं खोलीवाटपाचं पत्र चालेल का, तर वर विचारून सांगतो म्हणाला. पुढं प्लॅन. सहा महिने किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले तर मशीन आणि जोडणी मोफत, महिन्याच्या प्लॅनवर दोन्हीचे पैसे आधी. पूर्वी पाच-पाच महिने चालणारा हंगाम हल्ली कित्येक ठिकाणी तीन-साडेतीन महिन्यांत आटोपतो, तर सहा महिन्यांचे पैसे कोण भरणार?

आणि या सगळ्याच्या वर केबल. यार्डातून केबल न्यायची तर डोक्यावरून न्यावी लागणार. उसाच्या ट्रेलरवर मोळ्या किती उंच रचतात हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. वर बाहेर आलेली एखादी मोळी वायरीत अडकली की वायर तुटतेच. जमिनीखालून न्यायची तर यार्ड खणायचं, आणि गाळप चालू असताना यार्ड खणायची परवानगी सिव्हिलवाले देणार नाहीत. देऊही नये, दिवसरात्र गाड्या चालू असतात. छतावर अँटेना बसवून ५जीवर घरचं वायफाय देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांनाही विचारलं. आमच्या पिनकोडला सेवा अजून नव्हती.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट दिसली आणि ती मी पुढं प्रत्येक टेबलावर मांडली. अडचण यंत्राची नाही. इंटरनेटचा सगळा कारभार एका पत्त्यावर बारा महिने राहणाऱ्या माणसासाठी बेतलेला आहे. केवायसी, प्लॅन, केबल, सगळं. हंगामी माणूस त्या चौकटीत एकटा कधीच बसणार नाही, मग तो कितीही पैसे मोजायला तयार असो. चाळीत पाणी आणि वीज आम्ही एकेकट्यानं आणतो का? ती कारखान्याची असते, कारण कारखाना बारा महिने तिथंच असतो. नेटचंही तसंच व्हायला हवं. चाळीतल्या खोलीबरोबरची ती सोय आहे, कुणाची चैन नव्हे.

म्हणून लेबर वेलफेअर ऑफिसरांकडे गेलो. सोबत युनियनचे एक पदाधिकारी आणि टोकाच्या खोलीतल्या एक वहिनी होत्या. वहिनींनी ई-केवायसीचं सगळं सांगितलं आणि त्या बोलल्यावर साहेबांचा सूर बदलला. त्यांनी आम्हाला ईडीपीकडे पाठवलं. आमच्याकडे संगणक विभागाला अजून ईडीपीच म्हणतात. वजनकाटा, शेतकी विभाग, मुख्य ऑफिस असं सगळं तिथल्या नेटवर्कवर. तिथल्या इनचार्जांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नकार दिला.

"काट्याची वजनं, शेतकऱ्यांची बिलं, सगळं या लाइनीवर आहे. चाळीतले दोन-तीनशे मोबाइल त्यात आले आणि एखाद्यातून व्हायरस शिरला तर उद्या काटा बंद पडेल. ते मला करता येणार नाही, केमिस्ट."

मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. काटा थांबला तर गाडीतळ तुंबतो, ऊस वाळतो, उतारा (उसातून निघणारी साखर) घसरतो, आणि मार शेतकऱ्याला बसतो. ऑफिसची लाइन आणि राहण्याच्या जागेची लाइन वेगळीच हवी, यात तडजोड नको. पण नकार देऊन ते थांबले नाहीत. वजनकाट्यापासून मुख्य ऑफिसपर्यंतचा दुवा वायरवर नाही, दोन छोट्या डिशवर आहे, हे त्यांनीच मला छतावर नेऊन दाखवलं. "यार्ड ओलांडायचं असेल तर असं ओलांडा," म्हणाले. आमच्या कामाची किल्ली तिथं मिळाली.

या डिश ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. २०१८ साली केंद्र सरकारनं त्या पट्ट्यातला मोठा भाग परवानामुक्त केला. ठरवून दिलेल्या ताकदीच्या मर्यादेत राहिलं तर एका इमारतीवरून दुसरीवर असा दुवा कुणालाही टाकता येतो, त्यासाठी स्पेक्ट्रमचं लायसन्स लागत नाही. म्हणजे फायबर कॉलनीच्या बाजूला घ्यायचं आणि यार्डावरून हवेतून चाळीकडे आणायचं. केबल नाही, मोळी अडकणं नाही, खणणं नाही.

आता कनेक्शन कुणाच्या नावावर, हा प्रश्न. कामगारांची पतसंस्था कारखान्याच्या गेटजवळ, कॉलनीच्या बाजूला आहे. तिचा स्वतःचा पत्ता, स्वतःचं वीजबिल, पॅन, आणि आम्ही हंगामी लोकही तिचे सभासद. बारा महिन्यांचा पत्ता आमच्यातल्या कुणाकडे नव्हता, पण संस्थेकडे होता. मॅनेजरांना कल्पना आवडली, तरी त्यांनी दोन शंका काढल्या आणि दोन्ही रास्त होत्या. संस्थेनं नेट घेऊन सभासदांकडून पैसे घेऊन वाटलं, तर तो विनापरवाना इंटरनेट विकण्याचा प्रकार होणार नाही का? आणि चाळीतल्या कुणी नेटवर काही गुन्हा केला तर पोलिस कुणाच्या दारात येणार, संस्थेच्याच ना?

दोन्हींचं उत्तर पीएम-वाणी योजनेत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. किराणा दुकान, चहाची टपरी, पतसंस्था, कुणीही आपल्या जागेत सार्वजनिक वायफाय चालवू शकतं. त्याला पब्लिक डेटा ऑफिस म्हणतात, थोडक्यात पीडीओ. जुन्या पीसीओची आठवण असणाऱ्यांना कल्पना लगेच कळते. पीडीओला लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही, सरकारी फी नाही. त्याच्या वर एक ॲग्रिगेटर कंपनी असते, तिची नोंदणी दूरसंचार विभागाकडे असते. वापरणारा माणूस ॲपवर आपल्या मोबाइल नंबरनं ओटीपी देऊन ओळख पटवतो, मग कुपन घेतो. कोण कधी नेटवर होता याची नोंद ॲग्रिगेटरकडे राहते. म्हणजे एकच पासवर्ड साऱ्या चाळीला वाटून देण्यात जो धोका असतो तो इथं राहत नाही. हे सगळं मी एका कागदावर मराठीत लिहून पतसंस्थेच्या संचालकांच्या बैठकीपुढं ठेवलं. बैठकीत एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "पोरं रात्री टाकीवर चढतात ते थांबेल ना? मग करा." ठराव झाला.

ज्यांच्याकडून फायबर घ्यायचं त्यांनी पीडीओ हा शब्द ऐकताच व्यावसायिक लाइनचा दर सांगितला, घरगुतीच्या कित्येक पट. असं करत असाल तर पुढची माहिती जपून ठेवा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं जून २०२५ मध्ये आदेश काढला आहे. २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर ब्रॉडबँडचा प्रत्येक प्लॅन पीडीओलाही द्यायचा आणि त्याच्याकडून त्या प्लॅनच्या घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. आदेशाची प्रत छापून नेली. त्यावर फार वाद झाला नाही, त्यांनी वर फोन केला आणि दर खाली आला. आम्ही १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला.

उभारणीचं काम मला सगळ्यात आवडलं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. संस्थेच्या गच्चीवर एक डिश, चाळीच्या पाण्याच्या टाकीवर दुसरी, मधलं अंतर चारशे मीटरच्या आसपास. एकमेकांना दोन्ही दिसल्या की झालं असं वाटतं, पण नुसती नजरेची रेघ मोकळी असून भागत नाही. त्या रेघेभोवतीही जागा मोकळी लागते, मधोमध ती सगळ्यात जास्त. चारशे मीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर सव्वादोन मीटरच्या त्रिज्येचा पट्टा येतो आणि त्यातला निदान साठ टक्के तरी रिकामा पाहिजे. म्हणून उंची ठरवायला यार्ड भरलेलं असतानाच गेलो. सगळ्यात उंच भरलेले ट्रक उभे होते, ऊस उतरवायची क्रेन चालू होती. सिव्हिलच्या मिस्त्रींनी टाकीच्या कठड्याला लोखंडी पाइप वेल्ड करून दिला आणि डिश क्रेनच्या वरून निघाली. चिमणीची काजळी रोज पहाटे सगळ्या आवारावर बसते, डिशवरही बसते, पण तिनं दुव्याला काही होत नाही. बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, बारीक भुकटी मात्र राउटरच्या भोकांतून आत जाते आणि तो तापतो. राउटर आणि स्विच झाकणाच्या पेटीत बसवले, पेटीच्या भोकांना जाळी लावली आणि दर आठवड्याला ती झटकायचं काम एकाला नेमून दिलं.

डिशला वीज त्याच नेटवर्क केबलमधून जाते, त्यामुळे टाकीवर वेगळी वायर चढवावी लागली नाही. अर्थिंग मात्र पक्कं करून घेतलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आला की विजा कडाडतात आणि टाकी ही चाळीतली सगळ्यात उंच जागा. इलेक्ट्रिकलच्या अण्णांनी सर्ज अरेस्टर लावायला सांगितला, तोही लावला. गाळपात चाळीची वीज कारखान्याच्या टर्बाइनवर असते. टर्बाइन ट्रिप झालं की क्षणभर का होईना अंधार होतो आणि राउटर पुन्हा चालू होऊन जागेवर यायला वेळ घेतो. दोन्ही टोकांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस ठेवला, तो त्रास गेला.

चाळीत वायफाय पोचवताना त्या पत्र्याचाच विचार करावा लागला. खोलीखोलीत यंत्र लावणं परवडणारं नव्हतं. समोरासमोरच्या दोन ओळींची सगळी दारं मधल्या बोळाकडे उघडतात, म्हणून ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी यंत्रं, बोळातल्या खांबांवर, दारांच्या तोंडाकडे लावले. तिथून सिग्नल दाराखिडकीतून आत जातो. जुन्या फोनसाठी २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेवलं, कारण चाळीतले निम्मे फोन जुने. एका फोनला ४ एमबीपीएसची मर्यादा घातली. व्हिडिओ कॉलला ती भरपूर होते आणि एकानं सिनेमा उतरवायला घेतला तरी बाकीच्यांचं थांबत नाही. पीएम-वाणीला चालणारी यंत्रंच घ्यावी लागतात, ती ॲग्रिगेटरकडून घेतली. डिश, यंत्रं, पेट्या, यूपीएस, केबल सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत बसलं. मुख्य खर्च पतसंस्थेनं उचलला, पाइप, वेल्डिंग आणि अर्थिंग वेलफेअर खात्यानं कारखान्यातून करून दिलं, आणि केबल ओढायला पाळी सुटलेली पोरं होती.

डिसेंबरच्या मध्याला चालू झालं. दिवसाचं कुपन दहा रुपयांच्या आत, महिन्याचं शंभराच्या आसपास. हंगामी माणसासाठी यातली मोठी गोष्ट ही की जितके दिवस राहाल तितक्याच दिवसांचे पैसे. हंगाम लवकर संपला तर काही बुडत नाही. पहिल्यांदा ओळख पटवायचा ओटीपी एसएमएसनं येतो, त्यासाठी बोळात नाहीतर टाकीजवळ जावं लागलं. एसएमएसला डेटाइतका सिग्नल लागत नाही, त्यामुळे ते सगळ्यांचं जमलं. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत बोळात बसून, एका फोनवर गावाकडची बायको आणि दुसऱ्यावर ओटीपी, असं करत चाळीतल्या बऱ्याच जणांच्या ई-केवायसी पुऱ्या झाल्या. त्या वहिनींची पहिल्याच रात्री झाली.

एक वाद मात्र झाला आणि तो सांगितलाच पाहिजे. यार्डाच्या पलीकडे ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आहेत. बीड, धाराशिव, जालन्याकडची माणसं. ती कारखान्याच्या पटावर नाहीत, त्यांचा हिशेब मुकादमाकडे. चाळीच्या टोकाचा सिग्नल कॅन्टीनपाशी मिळतो हे कळल्यावर टोळीतली पोरंसोरं आणि बाया संध्याकाळी तिथं येऊन कुपन घेऊ लागली. चाळीतल्या काहींनी हरकत घेतली. आपण खटपट केली, वेग आपल्याला कमी पडेल, असं म्हणणं होतं. मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. त्या बाया पहाटे फडात जातात, रात्री गाड्या भरतात, त्यांची लेकरं गावाकडे आजीपाशी किंवा वसतिगृहात. चार महिने त्यांना लेकरांचं तोंड दिसतं ते फोनवरच. आम्हाला निदान डोक्यावर पत्रा आहे, त्यांना पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. ज्या उसावर आमची लॅब आणि आमचा पगार चालतो तो त्यांनी तोडलेला असतो. युनियनच्या बैठकीत हे सगळं बोललो. शेवटी ठरलं की कॅन्टीनच्या भिंतीवर गाडीतळाकडे तोंड करून एक वेगळं यंत्र लावायचं आणि त्याला एकूण वेगाचा ठरावीक वाटा द्यायचा, म्हणजे चाळीचं कमी पडणार नाही आणि त्यांचंही अडणार नाही. ते लावलं. कुपनांची सगळ्यात जास्त विक्री पुढं तिथंच झाली, त्यामुळे पतसंस्थेच्या मॅनेजरांचीही तक्रार राहिली नाही.

बॉयलरवरच्या त्या तरुणाचा अभ्यास आता रात्रपाळीनंतर खोलीतच होतो. परीक्षा अजून व्हायची आहे.

पट्टा पडल्यावर काय करायचं हेही लिहून ठेवलंय. फायबर चालूच राहतं, पण खालच्या प्लॅनवर, कारण पतसंस्थेला ते वर्षभर लागतंच. चाळीतली यंत्रं आणि दोन्ही डिश उतरवून, पुसून, संस्थेच्या कपाटात. पावसाळाभर टाकीवर ठेवून विजेच्या तोंडी द्यायची नाहीत. कुठलं यंत्र कुठल्या खांबावर, डिशचा कोन किती, पासवर्ड कुणाकडे, हे एका वहीत लिहून तिची एक प्रत ईडीपीच्या इनचार्जांकडे दिली आहे, म्हणजे पुढच्या हंगामात मी दुसऱ्या कारखान्यावर असलो तरी काम अडणार नाही.

पुढच्या पगारकराराच्या मागण्यांत एक कलम घालावं असं निवेदन आम्ही युनियनकडे दिलंय. हंगामी चाळीत पाणी, वीज आणि संडासाबरोबर इंटरनेटची लाइनही कारखान्यानं पुरवावी. वापराचे पैसे कामगार देईल, पण लाइन, खांब आणि दुरुस्ती कारखान्याची. निवेदनावर चाळीतल्या जवळजवळ सगळ्यांच्या सह्या आहेत, कॉलनीतल्या कित्येक कायम कामगारांच्याही. तुमच्या कारखान्यावर अशी मागणी गेली नसेल तर बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी, सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाले मोकळे असतात तेव्हाच निवेदन द्या. यार्ड रिकामं असतं, खणता येतं, आणि तेव्हा फायबर थेट चाळीपर्यंत जमिनीखालून नेता येईल. आम्हाला गाळप चालू असताना सुरुवात करावी लागली म्हणून डिश लावावी लागली. या जुलैत यार्डातून पाइप टाकून घ्यायचं सिव्हिलच्या साहेबांनी कबूल केलं आहे.